दचका आणि धसका

मराठीत भीतीसाठी शब्दांची टंचाई नाही. माणूस दचकतो, बिचकतो, टरकतो, हबकतो. त्याला धडकी भरते, त्याची बोबडी वळते. कुणाचा तरी त्याला धाक असतो, कशाची तरी धास्ती असते. आणि एखादी गोष्ट मनाला लागून राहिली, अन्नावरची वासना उडाली, की आपण म्हणतो त्याने धसका घेतला. भयपटांवरची परीक्षणे वाचताना मात्र ही सारी श्रीमंती कुठे जाते कळत नाही. चित्रपट ‘घाबरवतो’ किंवा ‘घाबरवत नाही’ या दोन खणांत सगळे कोंबले जाते आणि वर तारे दिले जातात. लांबी किंवा रंग असावा तसा भीती हा जणू चित्रपटाचाच एक गुणधर्म आहे.

मला या शब्दांतले दोन वेगळे काढायचे आहेत : दचका आणि धसका. दचका चित्रपटगृहात बसतो आणि तिथेच संपतो. तो सगळ्यांना साधारण एकाच क्षणी बसतो, कारण तो शरीराचा आहे. दार धाडकन आपटले की हायकोर्टाचा न्यायाधीशही दचकतो आणि त्याच्या मांडीवरचे नातवंडही. धसका घरी येतो. तो कोणाच्या घरी येईल, कोणत्या दृश्यामुळे येईल आणि किती दिवस राहील, हे दिग्दर्शकाच्या हातात फारसे नसते. गेली काही वर्षे नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या माणसांसोबत भयपट पाहताना मी पडद्याइतकेच त्यांच्याकडे पाहिले. कोण केव्हा नजर वळवतो, कोण केव्हा उगाच पाणी प्यायला उठतो, आठवड्याने विचारल्यावर कोणाला काय आठवते, हे वहीत टिपत गेलो. याला पाहणी म्हणता येणार नाही. पण या नोंदींनी मला एका जुन्या सिद्धांताशी भांडायला भाग पाडले, म्हणून हा लेख.

आधी दचक्याचे एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १९४२ सालच्या जाक तूर्नर दिग्दर्शित ‘कॅट पीपल’मध्ये एक तरुणी रात्री निर्मनुष्य रस्त्याने चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतो. मग तो आवाज थांबतो. तरुणी चालण्याचा वेग वाढवते, मागे पाहते, कोणी नाही. आणि अचानक हिंस्र श्वापदाने फुत्कारावे तसा आवाज करत पडद्याच्या कडेने एक बस येऊन थांबते. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात, आणि चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात ती बस असते. मी हे दृश्य सहा-सात जणींना दाखवले. त्या बसला दचकल्या आणि हसल्या. नंतर बोलताना मात्र एकीनेही बसचा विषय काढला नाही. त्या बोलल्या थांबलेल्या टाचांविषयी. आवाज येत होता तोवर मागचे माणूस कुठे आहे हे ठाऊक होते, तो थांबला आणि आता ते कुठेही असू शकते, हे त्यांनी मला असे समजावले की जणू मी परगावाहून आलेला पाहुणा आहे. एकीने तर सांगितले की क्लासवरून घरी येताना ती अजूनही किल्ली बोटांत धरून चालते. पुरुष मित्रांना हेच दृश्य दाखवले तेव्हा चर्चा बसवर आणि ध्वनिमुद्रणावर झाली. दृश्य एकच होते. इतिहास लिहिणाऱ्यांनी दचका नोंदवला, आणि धसका ज्यांचा होता त्यांच्यापाशीच राहिला.

आता सिद्धांताकडे. भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव दिले आहेत ते वाचताना आजचा पटकथाकारही मान डोलावेल : विकृत आवाज, पिशाचादिकांचे दर्शन, कोल्हा आणि घुबड, ओसाड घर, अरण्य, आप्तांचा वध किंवा बंधन. पुढे तो भयानकाचे तीन प्रकार करतो. एक बतावणीचा, एक अपराधातून येणारा आणि एक दुसऱ्याने धमकावल्यामुळे उपजणारा. यातला मधला, अपराधातून येणारा प्रकार लक्षात ठेवावा. त्याच्याकडे मी परत येणार आहे. हा रस स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याकडे सोपवून उत्तम पुरुषांना त्यातून जवळजवळ सूट दिली आहे, हेही जाता जाता नोंदवायला हवे. उत्तम पुरुष घाबरलाच तर गुरूला किंवा राजाला, आणि तेही दाखवण्यापुरते.

अभिनवगुप्ताने साधारणीकरणाची कल्पना स्पष्ट करताना उदाहरण निवडले ते नेमके भीतीचे : शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे धावणारे, मान वळवून मागे पाहणारे हरीण. तो म्हणतो त्याचा आशय असा, की तिथे प्रेक्षकाला जाणवणारी भीती ‘मी भ्यालो’ अशी नसते, ‘हा भ्याला’ अशीही नसते. कुठल्याही काळाशी, स्थळाशी, व्यक्तीशी न जोडलेली निव्वळ भीती त्याच्या हृदयात शिरते, म्हणूनच ती आस्वाद्य होते. आणि रसात अडथळा आणणारी जी विघ्ने तो सांगतो, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्या देशकालात गुंतून राहणे आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे ही दोन ठळक आहेत.

माझे म्हणणे असे की भयपट या विघ्नांवरच चालतो. शृंगार, करुण, वीर यांच्यासाठी अभिनवगुप्ताचे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. दुसऱ्याच्या शोकाने मी रडलो तर ते रडणे माझ्या वैयक्तिक शोकातून सुटलेले असते, म्हणूनच हलके करते. पण धसका बसायचा तर ‘हे माझे आहे’ ही गाठ सुटता कामा नये. ती सुटली की उरतो तो दचका, किंवा विस्मय, किंवा किळस, म्हणजे अद्भुत आणि बीभत्स. पाश्चात्त्य समीक्षेत नोएल कॅरोलने १९९०च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’मध्ये राक्षसाची व्याख्या धोकादायक आणि अशुद्ध अशा दुहेरी अंगाने केली. मेरी डग्लसच्या विटाळविषयक विचाराचा तो आधार घेतो. ती व्याख्या राक्षसाविषयी बरेच सांगते, पण समोर बसलेल्या माणसाविषयी थोडेच. फ्रॉइडचा १९१९चा निबंध त्या मानाने जवळ येतो. जे घरचे, ओळखीचे, तेच अनोळखी होऊन समोर उभे राहते तेव्हा अंगावर काटा येतो, असे तो म्हणतो. त्यात मला एवढीच भर घालायची आहे की प्रत्येकाचे घर वेगळे असते.

लहान मुलांपासून सुरुवात करतो, कारण तिथे हे सर्वांत स्वच्छ दिसते. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हा मोठ्यांसाठी विनोदी चित्रपट आहे. अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतलेली कल्पना, लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, सगळे हसण्यासाठी. पण त्या काळात पाच-सात वर्षांची असलेली, आता चाळिशीकडे झुकलेली माणसे भेटली की विचारून पाहा. कपाटावर ठेवलेली बाहुली आईला सांगून आत ठेवायला लावलेली किती तरी जण सापडतील. बाहुला ज्या रामदास पाध्ये यांचा, त्यांच्याच घराण्याचा अर्धवटराव मुलांना खदखदून हसवत होता. म्हणजे बाहुल्याचा ‘बाहुलेपणा’ भीतिदायक नव्हता, चेहरा होता.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअॅन कँटर यांनी १९८०च्या दशकात मुलांच्या भीतीवर जे काम केले ते या निरीक्षणाशी जुळते. ‘हल्क’ ही मालिका पाहताना शाळेत न जाणारी मुले घाबरत ती सज्जन माणसाचे हिरव्या धिप्पाड देहात रूपांतर झाल्यावर. तो देह लोकांना वाचवतो आहे याचा त्यांना काही उपयोग नव्हता. मोठी मुले रूपाच्या पलीकडे पाहू शकत. याच्या उलट टोकाला १९८३ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवलेला ‘द डे आफ्टर’ हा अणुयुद्धावरचा चित्रपट. त्याने लहान मुले सर्वांत कमी अस्वस्थ झाली, त्यापेक्षा किशोरवयीन, आणि सर्वांत जास्त त्यांचे आईबाप. ज्याला जेवढे कळते तेवढे त्याला भय. कँटर आणि हॅरिसन यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीडशेच्या आसपास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी लहानपणी पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाची किंवा कार्यक्रमाची भीती सांगितली, आणि सुमारे चतुर्थांश जणांच्या मनात ती तेव्हाही शिल्लक होती. हाच तो धसका. त्या वर्षी कोणता चित्रपट किती ‘भयानक’ होता, याच्याशी त्याचे नाते सैलच असणार.

‘द एक्झॉर्सिस्ट’बद्दल (१९७३) थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर फार लिहून झाले आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगात सैतान शिरतो ही कल्पना कॅथलिक प्रेक्षकाला ज्या मुळातून हलवते तिथे आपण पोचत नाही. आपल्याकडे अंगात येणे ही निव्वळ आपत्ती नाही. केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाईला हळदकुंकू लावतात, तिची ओटी भरतात, तिला हरवलेल्या म्हशीविषयी आणि लांबलेल्या लग्नाविषयी विचारतात. ज्यांनी लहानपणी देवीच्या जत्रेत हे पाहिले त्यांना रेगनचे गरगरणारे डोके हा चमत्कार वाटतो, आणि चमत्कार म्हणजे अद्भुत. पण याच चित्रपटात सैतानाचे नावही न येणारा एक प्रसंग आहे. मेंदूची तपासणी करण्यासाठी त्या मुलीच्या मानेत सुई घालतात, रक्ताची चिळकांडी उडते आणि यंत्रे धडधडत फिरतात. माझ्या परिचयातल्या एक बाई, ज्यांनी मुलाच्या आजारपणात वर्षभर दवाखान्यांच्या फेऱ्या घातल्या, त्या या प्रसंगाला उठून बाल्कनीत गेल्या. परत आल्यावर सैतानाचा सगळा खेळ त्यांनी शेंगदाणे खात पाहिला.

घराचा प्रश्न हिंदी भयपटात कसा सुटत गेला तेही पाहण्यासारखे आहे. रॅमसे बंधूंच्या ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) आणि ‘पुराना मंदिर’ (१९८४) या चित्रपटांतली हवेली कोणाचीच नव्हती. प्रेक्षक चाळीतला किंवा गावातल्या माळवदाखालचा, त्याला झुंबरांचे भय कसले वाटणार! तिथे जाऊन दचकून यायचे, एवढाच करार होता, आणि रॅमसेंनी तो प्रामाणिकपणे पाळला. त्यांना हसणाऱ्या समीक्षकांत मी नाही. राम गोपाल वर्मा यांनी ‘भूत’मध्ये (२००३) हवेली मोडून मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट आणला, गाणी काढून टाकली आणि लिफ्ट, गच्ची, वॉचमन, कामवाली यांच्यावर भिस्त ठेवली. पण त्या चित्रपटाची खरी भीती मला एका साध्या व्यवहारात दिसते. इथे आधी एका बाईचा आणि तिच्या मुलाचा मृत्यू झाला आहे हे नवऱ्याला घर घेतानाच कळते. तो ते घर घेतो आणि बायकोपासून लपवतो. ज्याने महानगरात भाड्याचे घर शोधले आहे त्याला हा माणूस दुष्ट वाटत नाही, कारण आपणही हेच केले असते. भरताचा मधला प्रकार इथे दबक्या पावलांनी आत येतो.

मराठीत तो पूर्ण अंगाने आला ‘लपाछपी’मध्ये. विशाल फुरिया यांचा हा चित्रपट २०१७च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाला. गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी शहरातून निघून उसाच्या फडांनी वेढलेल्या एका एकाकी घरात येतात. घरात तुळसाबाई (उषा नाईक). बाहेर ऊस, आणि उसातून ऐकू येणारी मुले.

ऊस ही निवड असामान्य आहे, आणि प्रेक्षकाप्रेक्षकांतला फरक इथे फार बारीक होतो. शहरातल्या प्रेक्षकाला तो चक्रव्यूह दिसतो. वरून पाहिलेला हिरवा समुद्र आणि आत हरवलेली बाई. सांगलीकडच्या एका मित्राला तसे काहीच वाटले नाही. त्याच्या मते आडसाली उसात माणूस हरवत नाही, सरी धरून चालले की बांधाला लागतोच. त्याला खटकले ते हे की पाचट पडलेल्या फडात बाई इतकी धावते आणि तिच्या हातापायांवर पात्याचे ओरखडे मात्र पुरेसे दिसत नाहीत. आणि जुन्नरकडचे एक गृहस्थ पाने सळसळली की ताठ बसत. त्यांच्या भागात बिबट्याच्या माद्या उसातच वितात, तोडणीच्या वेळी बछडी सापडतात, संध्याकाळनंतर मुलांना फडाकडे जाऊ देत नाहीत. दिग्दर्शकाने भुतासाठी केलेला आवाज त्यांनी बिबट्यासाठी ऐकला. भुताला ते हसले असते.

स्त्रियांनी मात्र हा चित्रपट फडात नव्हे, स्वयंपाकघरात पाहिला. उषा नाईक यांनी तुळसाबाईच्या बोलण्यात जे केले आहे ते मराठी अभिनयातल्या मोठ्या कामांत मोजले पाहिजे. ती पोटुशीला खाऊ घालते, काळजी घेते, सल्ले देते, आणि त्या प्रत्येक वाक्याच्या तळाशी धाक असतो. सात-आठ महिन्यांच्या पोटाभोवती घरातल्या मोठ्या बायकांचे जे राज्य चालते, काय खायचे, कुठे जायचे नाही, कोणत्या कुशीवर निजायचे, त्याचा नेमका सूर तिला सापडला आहे. दोन मुलींची आई असलेल्या एका परिचित बाईंनी मला सांगितले की भूत आल्यावर त्यांना सुटल्यासारखे वाटले. तोवर त्यांना श्वास घेता येत नव्हता.

त्याच बाईंनी नंतर जे सांगितले ते मी त्यांच्या परवानगीने, ओळख पुसून लिहितो. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा त्या राहत होत्या त्या मोठ्या शहरात त्यांना ‘फक्त एकदा दाखवून येऊ’ म्हणून नेण्यात आले. वाटेत सासूबाईंनी त्यांना उसाचा रस पाजला. तपासणी झाली की नाही, पुढे काय ठरले, हे त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारले नाही. धाकटी मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. चित्रपट पाहिल्यावर चार-पाच रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि डोळ्यांसमोर येत होते ते भूत नव्हते, फडही नव्हता. रसाचा पेला होता.

चित्रपटावरचा माझा मुख्य आक्षेप इथेच उभा राहतो. मुलींना जन्मल्यावर किंवा जन्माआधी मारणारे घर ‘लपाछपी’ने गावात, फडाच्या आड, अडाणी श्रद्धेच्या अंधारात ठेवले आहे. शहर म्हणजे तिथून पळून येण्याची जागा. वास्तव याच्या उलट्या बाजूनेही वाहते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१च्या जनगणनेत राज्यात ९१३ होती ती २०११मध्ये ८९४वर घसरली. ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. हे विहिरीत किंवा मातीत घडलेले नाही. हे सोनोग्राफीच्या यंत्रासमोर, पदवी लावलेल्या पाटीखाली, पैसे मोजून घडले. ते यंत्र चालवणारा, तिथे जाणारा, गाडी काढणारा असा सगळा वर्ग मल्टिप्लेक्समध्ये बसलेला असतो, आणि चित्रपट त्याला सांगतो की अपराधी ती तिकडची माणसे. शेवटी तर संदेश इतक्या स्पष्ट शब्दांत येतो की उरलेली धास्तीही विरून जाते. संदेश मिळालेला माणूस निर्धास्त होऊन पार्किंगकडे जातो. रसाचा पेला त्या बाईंनी स्वतः आणला होता, चित्रपटाने नव्हे. याच दिग्दर्शकाने २०२१मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला तेव्हा ऊस राहिला, बोली उत्तरेची झाली, आणि मराठी प्रेक्षकाला तर अपराध आणखी दोन राज्ये लांब गेला.

मग ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा चित्रपट हिंदी बोलतो, पण त्याचे रक्त मराठी आहे. नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेचे बीज त्यात आहे. धारपांची आजी स्वतः स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून आलेली. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. अमेरिकेतली म्हातारी पुण्याच्या लेखणीतून कोकणातल्या वाड्यात कशी पोचली, हा प्रवास माझ्या मुद्द्यासाठी मोलाचा आहे. सांगाडा कुठलाही चालतो : आजारी, अंधाऱ्या खोलीतली म्हातारी आणि तिच्याजवळ एकटे सोडलेले मूल. मांस मात्र गावचेच लागते. बर्वे यांनी ते १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन खंडांत चढवले : सरकारांच्या वाड्यावर ठेवलेली विधवा, तिची अनौरस मुले, सोन्याची मुद्रा, पेशवाईच्या राखेवर वाढलेली पुणेरी सुबत्ता. पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर, ज्याला सोने मिळाले पण धान्य मिळाले नाही, तो या सगळ्यांच्या तळाशी, देवीच्या गर्भात भुकेला बसलेला.

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये हा चित्रपट आला तेव्हा त्याला बेताचेच प्रेक्षक मिळाले. २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. कौतुक होते ते पावसाचे, छायाचित्रणाचे, हस्तरच्या लाल देहाचे. ते रास्तच आहे. पण पावसाची भीती कोकणातल्या माणसाला कोण घालणार? माझ्याबरोबरच्या खेडकडच्या मित्राला त्या धो धो पावसात वाड्याची कौले शाकारायची राहिली आहेत हे आधी दिसले. हस्तर त्याला आवडला, त्याने तो मोबाइलवर मुलालाही दाखवला. तो अस्वस्थ झाला ते तिसऱ्या खंडात, बाप मुलाला दोराने उतरायला शिकवतो तिथे. त्यांच्या घरात वाटणीचा दावा तिसऱ्या पिढीत गेलेला आहे. सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत, आणि दर मे महिन्यात तो मुलाला बरोबर घेऊन तालुक्याला जातो, ‘सगळे समजावून द्यायला’. यावर तो काही बोलला नाही. मध्येच त्याने पांडुरंगाचे वय किती असेल, एवढे विचारले.

‘तुंबाड’ ‘लपाछपी’च्या पुढे जातो तो इथे. त्याने लोभ दुसऱ्या गावाला पाठवला नाही. विनायक आपल्याला आवडतो. त्याची युक्ती, त्याचे धाडस, पिठाच्या बाहुलीने हस्तरला फसवून मुद्रा लुटण्याची त्याची चपळाई यांत आपण त्याच्या बाजूने असतो, तो मुद्रा घेऊन वर येतो तेव्हा सुटकेचा श्वास टाकतो. अपराधात आपल्याला भागीदार करून घेतल्यानंतर मग चित्रपट हिशेब मागतो.

एक आक्षेप येईल त्याला उत्तर दिले पाहिजे. भीती इतकी घरगुती असेल तर जपानची ‘रिंगू’ (१९९८) जगभर कशी फिरली? मला वाटते ती फिरली कारण तेव्हा जगभरच्या दिवाणखान्यांत तोच टीव्ही आणि तीच कॅसेट होती. साडाको ज्या चौकटीतून बाहेर येते ती प्रत्येकाच्या घरात होती. माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याला ती दाखवली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, ती काळी डबी काय आहे. चौकट गेली, धसका गेला, एक दचका मात्र शाबूत राहिला. दुसरा आक्षेप मजेचा : लोक पैसे देऊन घाबरायला जातात, तेव्हा त्यांना धसका नको, खेळ हवा. हे खरे आहे. डेन्मार्कमधल्या एका भूतबंगल्यात ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजून झालेल्या अभ्यासात (२०२०) आढळले की मजा मध्यम भीतीला सर्वाधिक असते, कमी झाली तरी घटते, जास्त झाली तरी घटते. पण तो मध्य प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि तो कशाने ओलांडला जाईल हे भूतबंगला बांधणाऱ्याला कळत नाही, हे माझ्या वहीतल्या प्रत्येक पानावर आहे.

शेवटची नोंद माझ्या आत्याची. तिने अंथरुणाला खिळलेल्या सासूचे नऊ वर्षे केले. ‘तुंबाड’ आम्ही घरी पाहिला. साखळीने बांधलेली, विद्रूप झालेली, हस्तरच्या नावाने झोपवावी लागणारी ती आजी पडद्यावर आली तेव्हा आम्ही सगळे मागे सरकलो. आत्या पुढे सरकली, चष्मा पुसला आणि खोलीत उजेड का नाही म्हणाली. पुढे विनायकची आई त्याला घेऊन पुण्याला निघून जाते, कथा पंधरा वर्षे ओलांडते, बाकीचे खजिन्यात गुंतले. आत्याने मला हात लावून चित्रपट थांबवायला सांगितला.

“ही दोघं पुण्याला गेली,” ती म्हणाली, “मग त्या म्हातारीला जेवायला कोण घालत होतं रे?”

मी चित्रपट पुढे चालू केला. विनायक वाड्यात परत येतो. म्हातारी जिवंतच असते, आणि तिच्या अंगातून झाड उगवलेले असते.